साठीला १६० चालत नाही

वय अधिक शंभर. साठीच्या माणसाच्या बीपीचा वरचा आकडा १६०, सत्तरीच्या बाईचा १७०, म्हणजे सगळं ठीक. हा जुना हिशेब अजून घराघरांत चालतो आणि तो चुकीचा आहे. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात तर तो जास्तच पटतो, कारण इथली सत्तरीतली आजीही टोपली घेऊन बाजारात बसते, हिंडतेफिरते, दोन वेळा नीट जेवते. मग तिचा १६५ कोणाला खटकत नाही. "वय झालं, एवढं असायचंच," असं घरातलेच म्हणतात. खरी गोष्ट अशी की मोठ्या माणसाची बीपीची मर्यादा वयाबरोबर वर सरकत नाही. वयाबरोबर बदलतं ते दुसरंच: कोणत्या वयात काय तपासायचं, कशाला भ्यायचं, कशाला भ्यायचं नाही आणि औषध किती जोरात चालवायचं.

हा समज काही अडाणीपणातून आलेला नाही. एके काळी डॉक्टरच असं मानत. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात, त्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, तो कमी केला तर उलट अपाय होईल, असा तेव्हाचा विचार होता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाच्या प्रमुखालाही त्यावर धड औषध मिळालं नाही, कारण ते फारसं उपलब्धच नव्हतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा मोजलेला आकडा ३००/१९० होता.

या दुखण्यावर गोळी देता येते हे जगाला पटवण्यात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे, आणि तो मुंबईकरांना माहीत असायला हवा. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवर पद्धतशीर वापर करून त्याचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली ही मुळी त्या एका लेखामुळे जगभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मात्र आज कोणी सर्पगंधेची पावडर आणून स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिच्यातलं रेसर्पिन नाडी मंद करतं, मन फार खिन्न करू शकतं, आणि आता त्याहून सुरक्षित, स्वस्त गोळ्या मिळतात.

आता आकड्यांकडे येऊ. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातला. प्रौढ माणसात १२०/८० च्या खाली असणं उत्तम. वरचा १४० किंवा खालचा ९० गाठत असेल, आणि तो वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तेवढाच येत असेल, तर भारतातले बहुतेक डॉक्टर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. दोन्हींपैकी एक जरी वर असला तरी पुरे; दोन्ही वाढायची वाट बघू नये. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० वर आणली. आपण एवढं धरावं की १३० ते १३९ म्हणजे शरीराने दिलेली सूचना. तेव्हा लगेच गोळी लागेलच असं नाही, पण मधुमेह असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल किंवा घरात अर्धांगाचा इतिहास असेल, तर डॉक्टर त्या आकड्यावरही औषध सुरू करू शकतात.

बीपी वयाबरोबर वाढलंच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही, याचा एक सबळ पुरावा १९८८ मध्ये समोर आला. इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या लोकांचं बीपी आणि लघवीतलं मीठ मोजलं. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक होते. त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. त्यांचं सरासरी बीपी ९६/६० च्या आसपास निघालं, आणि म्हातारपणीही ते फारसं चढलेलं नव्हतं. त्यांचं जगणं आपल्याला जमणार नाही हे उघड आहे. त्यांची मेहनत, त्यांचं वजन, त्यांचं खाणं सगळंच निराळं. पण आपल्याकडे जे वाढतं ते नुसत्या वयाने वाढत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. मुंबईत महानगरपालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने १८ ते ६९ वयाच्या लोकांची पाहणी केली तेव्हा सुमारे ३४ टक्क्यांचं बीपी वाढलेलं आढळलं. तीन माणसांत एक. त्यातल्या कितीतरी जणांना काहीच होत नसतं. डोकं दुखलं की बीपी वाढलं, नाही दुखलं तर ठीक, हा आणखी एक घातक समज. बहुतेक वेळा वाढलेलं बीपी दुखत नाही, गरगरत नाही, काहीच सांगत नाही. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

आणि मोजायचं तर नीट मोजावं, नाहीतर आकड्यालाच अर्थ राहत नाही. बाजारातून घाईने परतलेली बाई, हातात चहाचा कप, तोंडात मशेरी, शेजारणीशी बोलणं चालू, आणि पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळलेला. असा आलेला १५० काय सांगणार? अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी, विडी काही नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. भरलेलं मूत्राशयही आकडा चढवतं. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून, पायांची घडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर आणि उघड्या दंडावर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा खोटा जास्त आकडा दाखवतो. मोजताना बोलू नका. एका मिनिटाने पुन्हा मोजा. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बघा, आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे कायम वापरा.

घरी यंत्र घ्यायचं असेल तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. दवाखान्यात काहींचं बीपी भीतीने वाढतं, काहींचं उलट तिथे चांगलं येतं आणि घरी, कामावर चढलेलं असतं. म्हणून डॉक्टर सात दिवसांची नोंद मागतात: सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात. घरच्या आकड्यांची मर्यादा थोडी खाली, म्हणजे १३५/८५ अशी धरतात.

मुलांचं गणित वेगळं आहे, आणि वयानुसार मर्यादा खरोखर बदलते ती फक्त इथे. पाच वर्षांच्या मुलाचं १०३/६३ च्या खाली, दहा वर्षांच्याचं १०८/७२ च्या खाली असेल तर काळजी नाही. त्यावर गेलं तर डॉक्टर मुलाची उंची, वय आणि मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावर तपासतात. दहा वर्षांच्या मुलाचा १२५/८२ हा आकडा मोठ्या माणसाच्या नजरेने बघितला तर कोणी दचकणार नाही, पण त्या मुलासाठी तो जास्त आहे. लहान मुलांत बीपी वाढलं तर आधी मूत्रपिंड तपासतात. मोठ्या मुलांत वजन हे कारण जास्त दिसतं. तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा बीपी बघावं असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. लसीकरण संपलं की मुलाला फक्त तापखोकल्यासाठी नेलं जातं, आणि बीपीचा पट्टा कोणी काढत नाही. तुम्ही स्वतः विचारा. विशेषतः मूल वेळेआधी जन्मलेलं असेल, लठ्ठ असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार होऊन गेला असेल तर. तेराव्या वर्षापासून मोठ्यांचेच आकडे लागू होतात.

विशी-तिशीतल्या मुलींना उगाच घाबरवलं जातं. १००/६० आलं की "लो बीपी आहे, मीठ-साखरेचं पाणी पी" असं सांगतात. चक्कर येत नसेल, कामात ताकद असेल, तर तो त्या मुलीचा नेहमीचा आकडा आहे आणि चांगला आहे. चक्कर, घेरी येत असेल तर मीठ वाढवण्याआधी रक्त तपासून घ्या. कित्येकदा दोष हिमोग्लोबिनचा असतो. याच वयातल्या मुलांचं बीपी मात्र कोणीच मोजत नाही. तिशीच्या आत १५० दिसलं तर ते टेन्शनवर ढकलून मोकळं होऊ नये. मूत्रपिंड, त्याची रक्तवाहिनी, थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी यांपैकी कुठेतरी कारण असू शकतं, आणि काही कारणं पूर्ण बरी होण्यासारखी असतात.

गरोदरपणाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे उशीर दोन जिवांना भोवतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात बीपी नेहमीपेक्षा थोडं उतरतं, मग शेवटी पुन्हा पहिल्या जागी येतं. विसाव्या आठवड्यानंतर ते १४०/९० झालं, तर ते गरोदरपणातलं बीपी. त्याच्या जोडीला लघवीत प्रथिनं जात असतील किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या पेशी यांवर परिणाम दिसत असेल, तर तो गंभीर आजार होतो. झटके येऊ शकतात, बाळाची वाढ खुंटू शकते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर आणि हातांवर एकदम आलेली सूज, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तपासणीची तारीख बघत बसू नका. पायांना सूज सगळ्यांनाच येते, पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसला तर ती वेगळी गोष्ट आहे. १६०/११० असेल तर तासाभरात रुग्णालयात पोहोचायला हवं. वांद्रे पश्चिमेचं पालिकेचं भाभा रुग्णालय दांड्यापासून दूर नाही.

बीपीची गोळी आधीपासून चालू असेल आणि मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या गर्भाला अपाय करतात. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा देतात. बाळंतपण झालं की धोका संपला असंही नाही. पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकतं, झटकेही तेव्हा येऊ शकतात, म्हणून माहेरी गेलेल्या बाळंतिणीचंही बीपी मोजायला हवं. बाळाची मालिश, आंघोळ, डिंकाचे लाडू सगळं वेळेवर होतं आणि आईच्या दंडाला पट्टा कोणी लावत नाही, हे मला फार जाचतं. ज्या बाईला गरोदरपणात बीपी झालं होतं तिला पुढच्या आयुष्यात बीपी आणि हृदयविकार होण्याची शक्यता जास्त असते. तिने दरवर्षी मोजावं, आणि कोणत्याही नव्या डॉक्टरला ही गोष्ट आपणहून सांगावी.

चाळिशी-पन्नाशीत वरचे-खालचे दोन्ही आकडे वाढू लागतात. बायकांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास बीपी विशेष चढतं. पहाटे धक्क्यावर म्हावरं आणायला जाणाऱ्या बायकांची झोप वर्षानुवर्षं अर्धीच होते, आणि अपुऱ्या झोपेचा बीपीवर परिणाम होतो. नवरा जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्यानेही बीपी हटवादी होतं. आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं: गुडघ्यासाठी, कमरेसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात, बीपीच्या औषधाचा असर कमी करतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. टोपली उचलून कंबर गेलेल्या बाईला गोळी घेऊ नको म्हणणं सोपं नाही हे मला कळतं. पण रोज काय घेताय ते बीपी तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवा.

पन्नाशी उलटल्यावर खालचा आकडा हळूहळू उतरतो आणि वरचा चढत राहतो. जुनी रबरी नळी ताठ होते तशा मोठ्या रक्तवाहिन्या ताठ होतात, म्हणून १७०/७५ असे आकडे म्हातारपणी दिसतात. "खालचं नॉर्मल आहे ना" म्हणून यावर समाधान मानू नका. या वयात वरच्याच आकड्यातून अर्धांगाचा धोका कळतो. ऐंशीच्या पुढच्या माणसांना औषध देऊन काय उपयोग, असाही प्रश्न घरचे विचारतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हायव्हेट या अभ्यासात ऐंशीपुढच्या लोकांना हलकं औषध देऊन बीपी १५०/८० च्या दिशेने आणलं, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि हृदय थकण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं.

मात्र म्हातारपणी घाई नको. अशक्त माणसाचं बीपी हळूहळू उतरवायचं, आणि प्रत्येक भेटीत उभं करूनही मोजायचं. बसून किंवा झोपून मोजल्यावर उभं राहायला सांगा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती असते. दांड्यातल्या अरुंद, उभ्या जिन्यांवरून उतरणाऱ्या आजोबांसाठी ही तपासणी ईसीजीइतकीच महत्त्वाची मानावी. अशांनी खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उठावं.

मिठाबद्दल कोळीवाड्यात बोलायचं तर जपून बोललं पाहिजे, कारण सुकं म्हावरं हे इथलं अन्न आहे, उत्पन्न आहे आणि पावसाळ्याची बेगमी आहे. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. वलांडीवर वाऱ्या-उन्हात वाळवलेल्या बोंबलाला सहसा मीठ लावत नाहीत. खारवलेला मासा मात्र मिठातच मुरलेला असतो. हा फरक लक्षात ठेवा. खारा मासा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, शक्य तर दोनदा, आणि त्या कालवणात वेगळं मीठ घालूच नका. कोकमाचं आगळ मीठ घालूनच टिकवतात, तेव्हा सोलकढी करताना चव बघून मगच मीठ घ्या. लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातला मसाला आणि ताटात वरून घेतलेलं मीठ यांतून हिशेब सहज दुप्पट होतो. सैंधव आणि काळं मीठ बीपीला सुरक्षित असतं हे खरं नाही, तेही मीठच. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं आणि त्याने बीपी उतरतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

ताज्या माशाला मात्र कसलाही दोष नाही. बांगडा, तारली भाजून किंवा थोड्या तेलावर परतून खा.

गोळी लागली तर ती बहुतेकांना कायमची लागते. आकडा नॉर्मल आला म्हणून ती बंद करू नका, कारण तो गोळीमुळेच नॉर्मल आला आहे. पाय सुजले, कोरडा खोकला सुरू झाला, चक्कर येऊ लागली तर गोळी बदलून घ्या. स्वतःहून सोडू नका. खर्चाची अडचण असेल तर पालिकेच्या आपला दवाखान्यात किंवा भाभा रुग्णालयात चौकशी करा, आणि डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहून द्यायला सांगा. जनऔषधी दुकानांत त्याच गोळ्या बऱ्याच स्वस्त असतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यांनी काही जगावेगळं केलं नाही. ठरलेली मोजकी औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, घराजवळचं केंद्र, आणि जो आला नाही त्याची विचारपूस. घरातल्या एका माणसाने ही विचारपूस अंगावर घेतली तरी पुष्कळ होतं.

समुद्रावर जाणाऱ्यांची खरी अडचण निराळी आहे. फेरी लांबली की गोळ्या संपतात, किंवा त्या घरीच राहतात. एक पट्टी घट्ट झाकणाच्या डबीत घालून कायम होडीवरच ठेवा, ओल लागू देऊ नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुषमाणसं घरी असतात. त्याच दिवसांत सगळ्या घराचं बीपी, रक्तातली साखर आणि लघवी तपासून घ्या, म्हणजे नारळी पौर्णिमेला होडी पुन्हा लोटण्याआधी औषध सुरू करून त्याचा परिणाम बघायला पुरेसे आठवडे मिळतात. तंबाखू, मशेरी आणि दारू कमी करायलाही हेच दिवस बरे.

आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला, पण बाकी काही त्रास नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवायच्या फंदात पडू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय किंवा अचानक दिसेनासं झालंय, तर मशिन शोधू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्रास नक्की किती वाजता सुरू झाला हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. ती वेळ लिहून घ्या, आणि चालू गोळ्यांची पट्टी बरोबर न्या.